माद्यांचे ताट दाखवणारी हॅचरी : दोन हंगामांचा अभिप्राय

खानापूर तालुक्यात मलप्रभेपासून फार दूर नसलेल्या आमच्या शेतात पाऊण एकराचे एक मोठे तळे आणि दोन-दोन गुंठ्यांची दोन संगोपन तळी आहेत. हॅचरीतून, म्हणजे माशांची अंडी उबवणाऱ्या केंद्रातून, कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे जिरे (अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली इवली पिल्ले) आणायचे, ते संगोपन तळ्यांत वाढवायचे, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तयार झाली की काही आमच्या मोठ्या तळ्यात सोडायची आणि उरलेली आसपासच्या शेततळेवाल्यांना विकायची, असा आमचा लहानसा व्यवसाय आहे. गेले दोन हंगाम हे जिरे मी घटप्रभेच्या कालव्याखाली बागायत होणाऱ्या टापूतील एका खासगी मत्स्यबीज केंद्रातून घेतले. कौतुकाबरोबर तक्रारही सांगायची आहे आणि या धंद्यातली माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, म्हणून केंद्राचे नाव येथे देत नाही. अभिप्राय मात्र आधीच सांगून टाकते. जुलैच्या पहिल्या फळीचे, म्हणजे माद्यांनी हंगामात पहिल्यांदा दिलेल्या अंड्यांचे, जिरे मी पुन्हा घेईन. ऑगस्टअखेरचे, सध्या ते ज्या पद्धतीने विकले जातात त्या पद्धतीने, घेणार नाही. दोन्हींमागचे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे अंडी देणाऱ्या माद्यांनी त्याआधीचे काही महिने काय खाल्ले.

जिरे घेताना सहसा कोणी माद्यांची चौकशी करत नाही. भाव विचारला जातो, पिशवीत किती भरले ते विचारले जाते, आणि फार तर कटल्याचे प्रमाण किती यावर घासाघीस होते. मीही अनेक वर्षे तेच केले. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे अंड्यातील बलक म्हणजे काय हे मला पाठ होते. पण फळ्यावर काढलेल्या त्या आकृतीचा आणि तिसऱ्या दिवशी तळ्याच्या कडेला पांढऱ्या रेघेसारख्या साचणाऱ्या मेलेल्या जिऱ्याचा काही संबंध असेल, हे लक्षात यायला स्वतःचे पैसे पाण्यात जावे लागले.

संबंध सरळ आहे. रोहू-कटल्याचे अंडे सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियसच्या पाण्यात साधारण चौदा ते अठरा तासांत फुटते. बाहेर येणारा डिंभ पाच मिलिमीटरच्या आसपासचा असतो. त्याला उघडणारे तोंड नसते, पोटाखाली फक्त बलकाची पिशवी असते. पुढचे सुमारे तीन दिवस डोळे, मेंदू, कणा, कल्ले, जे जे म्हणून घडते ते सगळे या शिदोरीवर घडते. ती मादीने भरलेली असते. मादीच्या यकृतात व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार होते, ते रक्तातून अंडाशयात जाते आणि वाढत्या अंड्यांत साठते. त्याच्यासोबत स्निग्ध आम्ले, जीवनसत्त्वे आणि खनिजेही जातात. मादीच्या आहारात एखाद्या घटकाचा तुटवडा असेल, तर ती काही काळ स्वतःच्या शरीरातून तो भरून काढते. पण एक किलो वजनाची रोहू मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते, आणि तेवढ्या शिदोऱ्या बांधायच्या म्हटल्यावर घरातले धान्य कुठवर पुरणार?

याच कारणासाठी मी पहिल्या भेटीत हॅचरीच्या मालकांना विचारले की, माद्यांना काय घालता. प्रश्न ऐकून ते जरा थांबले आणि म्हणाले, "अक्का, गिऱ्हाईक हे कुणी विचारत नाही बघा. चला, दाखवतो की." या केंद्राला मी जे गुण देते, त्यातले निम्मे त्या "दाखवतो की" साठी आहेत.

ब्रूडर, म्हणजे अंडी घेण्यासाठी पाळलेल्या, माशांची तळी हॅचरीच्या मागे, उसाच्या फडाला लागून आहेत. नर आणि मादी वेगवेगळ्या तळ्यांत ठेवले आहेत. बांधावर एक पत्र्याची खोली असून तिथे खाद्य मिसळले जाते. आपल्याकडे ब्रूडरना बहुतेक ठिकाणी जे मिळते ते म्हणजे शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, निम्मे-निम्मे. त्यावर मासा वजनाने चांगला भरतो आणि दिसायलाही तजेलदार दिसतो. अडचण अशी की, शेंगदाण्यातल्या स्निग्धांशात ओमेगा-सहा गटाचे लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि ओमेगा-तीन गट जवळजवळ नसतो. या केंद्रात पेंड आणि कोंड्याबरोबर सुक्या मासळीची पूड, भरडलेले जवस, थोडे माशाचे तेल आणि जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण घातले जाते. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात प्रथिने तीस टक्क्यांच्या आसपास बसतात. जवस पाहून मला हसू आले. आमच्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी रोज असते, पण तळ्यावर जवस नेण्याचा विचार कधी मनात आला नव्हता. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-तीन गटाचे लिनोलेनिक आम्ल असते. रोहू-कटल्यासारखे कार्प गटातले गोड्या पाण्याचे मासे त्यापासून लांब साखळीची आम्ले, म्हणजे ईपीए आणि डीएचए, काही प्रमाणात स्वतः तयार करू शकतात. बहुतेक समुद्री माशांना ते फारसे साधत नाही. त्यांना ती आम्ले आयतीच मिळावी लागतात.

डीएचएचा उल्लेख करण्याचे कारण असे की, ते मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात मोठ्या प्रमाणात साठते, आणि जिऱ्याचे जगणे शेवटी नजर आणि चपळाई यांवर ठरते. बलक संपत आल्यावर त्याला पाण्यातले सूक्ष्म प्राणी दिसले पाहिजेत, त्यांच्यावर झेप घेता आली पाहिजे, आणि कोणी आपल्यावर झेप घेतली तर निसटताही आले पाहिजे. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात मॉथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात. पाण्याला धक्का बसताच त्या पेशी इशारा देतात, अंग विळ्यासारखे वाकते आणि पिल्लू क्षणार्धात दुसऱ्या दिशेला फेकले जाते. ही सगळी यंत्रणा ज्या दिवसांत जोडली जाते, त्या दिवसांत कच्चा माल फक्त आईच्या शिदोरीतून येत असतो.

या बाबतीत अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्यावरील रेड ड्रम या समुद्री माशावर चांगले काम झालेले आहे. टेक्सास विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेत ली फुइमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यांतील स्निग्ध आम्लांचे प्रमाण आणि त्या अंड्यांतून आलेल्या पिल्लांची शिकाऱ्यापासून निसटण्याची क्षमता यांची सांगड तपासली. ज्या अंड्यांत डीएचए कमी होते, त्यांतली पिल्ले पुढे काही आठवड्यांची झाल्यावरही निसटण्यात कमी पडत होती. आणि मधल्या काळात पिल्लांना दिलेल्या चांगल्या खाद्याने ही उणीव पुरती भरून निघत नाही, असा त्या कामाचा रोख आहे. मला हे वाचून धक्का बसला, कारण आम्ही संगोपन तळीवाले नेमके उलटे गृहीत धरतो. जिरे कसेही असो, शेणखत टाकून पाणी हिरवे केले, बारीक पेंड फेकली, की सुधारेल, अशी आमची समजूत असते.

मात्र रेड ड्रमचा हिशेब जसाच्या तसा रोहूला लावता येत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. रेड ड्रम एका हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घालतो आणि त्याच्या मादीने खाल्लेले थोड्याच दिवसांत अंड्यांत उतरते. आपल्या भारतीय कार्प माद्या वर्षाच्या सुरुवातीपासून अंडाशय भरू लागतात आणि पावसाळ्यात जून ते ऑगस्टच्या दरम्यान अंडी देतात. याचा अर्थ, जुलैत मी जे जिरे उचलते त्याची गुणवत्ता फेब्रुवारी ते मे या उन्हाळ्याच्या महिन्यांत ठरते. नेमक्या याच महिन्यांत हॅचरीवाल्यांकडे गिऱ्हाईक नसते, पैसा येत नसतो, पाणी कमी असते, आणि खाद्यात काटकसर करण्याचा मोह सर्वांत जास्त असतो. म्हणून मी दुसऱ्या वर्षी मुद्दाम मार्चमध्ये, न कळवता, तिथे गेले. पत्र्याच्या खोलीत खाद्य मिसळणे चालू होते आणि वहीत रोजची नोंद होती. काही दिवस कोरे होते. विचारल्यावर जत्रेमुळे कामगार नव्हते, असे सांगण्यात आले. ते खरे असावे. आमच्याकडे जत्रेत माणसे मिळत नाहीत, तिथे माशांना कोण विचारतो.

एका गोष्टीवर मी तेव्हाच बोट ठेवले होते. जीवनसत्त्वांच्या मिश्रणाची पोती पत्र्याला लागून, उन्हाच्या झळीत रचलेली होती. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, आणि साधे क जीवनसत्त्व उष्णतेने व साठवणीत लवकर उतरते. कोलाजेन नीट तयार होण्यासाठी ते लागते; ते कमी पडले तर पिल्लांचे कणे वाकडे होतात. ई जीवनसत्त्व बलकातील स्निग्धांश खवट होण्यापासून जपते, म्हणून माशाचे तेल वाढवले तर ई जीवनसत्त्वाकडेही पाहावे लागते. पोती सावलीच्या, हवेशीर जागी हलवा, आणि शक्य असेल तर क जीवनसत्त्वाचा टिकाऊ, फॉस्फेट जोडलेला प्रकार घ्या, असे मी सुचवले. पोती हलवली गेली. दुसऱ्या सूचनेचे काय झाले ते समजले नाही. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे सीफाने, खास कार्प ब्रूडरसाठी 'सीफाब्रूड' नावाचे खाद्य विकसित केले आहे. ते का घेत नाही, असेही मी विचारले. "आणायचं भाडंच परवडत नाही, अक्का," एवढेच उत्तर आले, आणि इथून ओडिशाचे अंतर पाहता त्यावर मला काही बोलता आले नाही.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. पहिल्या वर्षी माझी पाळी १० जुलैला लागली. दारावर मत्स्यशेतकरी दिनाचा फलक होता. १९५७ साली याच तारखेला ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्पचे प्रजनन यशस्वी केले, म्हणून हा दिवस पाळतात. तोवर बीज नदीतून गोळा करावे लागत असे. आज ग्रंथीच्या अर्काऐवजी बहुतेक ठिकाणी तयार संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. या इंजेक्शनामुळे एक गैरसमज पसरला आहे, की सुई चांगली तर बीज चांगले. सुईने मादीच्या पोटात तयार असलेली अंडी सुटतात. अंड्यांत जे भरलेलेच नाही ते सुईने भरले जात नाही. अशक्त मादीही टोचल्यावर अंडी देते. म्हणूनच विकत घेणाऱ्याची फसगत होते, कारण गोल हौदात फिरणारी अंडी सुरुवातीला सारखीच दिसतात.

पिशव्या भरण्याआधी मी पांढरे इनॅमलचे पातेले मागून घेतले. हौदातले पाणी घेऊन त्यात ओंजळभर जिरे सोडले आणि बोटाने पाणी गोल फिरवले. निरोगी जिरे अशा वेळी प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून तग धरते. अशक्त असेल ते पाण्याबरोबर वाहत मध्यभागी गोळा होते. जुलैच्या त्या पातेल्यात मध्यभागी फारच थोडे जमले. बाकीचे कडेने, माना प्रवाहात रोवल्यासारखे, उभे होते. डोळे काळेभोर आणि सुटे दिसत होते. मग मी पातेल्याच्या कडेवर नखाने हलकी टिचकी मारली. क्षणात सगळे पातेले विस्कटले, जणू कोणी मूठभर मोहरी उधळली, आणि पुढच्याच क्षणी ते पुन्हा प्रवाहाला तोंड देऊन स्थिर झाले. मालक बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांना हे पातेल्याचे माहीत होते, टिचकीचे नव्हते. ही टिचकी काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दचकण्यात उशीर करणारे जिरे मी आता उचलत नाही.

पंचवीस हजारांची एक, अशा चार पिशव्या प्राणवायू भरून मिळाल्या. मापाच्या बाबतीत हे केंद्र प्रामाणिक आहे. एका मिलिलिटरला सुमारे पाचशे जिरे हा सर्वत्र चालणारा हिशेब असला, तरी मी सांगितल्यावर त्यांनी एका लहान कपातले जिरे प्रत्यक्ष मोजून दाखवले. पहाटे निघून बेळगावमार्गे शेतावर पोहोचेपर्यंत पाऊस चालू होता, पण पिशव्यांत मर नगण्य होती. एका गोष्टीची माहिती मात्र केंद्राने नवीन गिऱ्हाइकांना द्यायला हवी : पिशवी आधी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मगच तोंड उघडावे. आमच्या लाल मातीतले पाणी आम्लधर्मी असते, तिथे चुना टाकून आठ-दहा दिवस झालेले असणेही महत्त्वाचे आहे. हे मला माहीत होते. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या चिकोडीकडच्या तरुणाला माहीत नव्हते, आणि त्याला कोणी सांगितलेही नाही.

तळ्यात जिऱ्याचे शत्रू कमी नाहीत. पाठीवर पोहणारे कीटक, पाणभुंगे, चतुराच्या अळ्या हे सगळे त्याच्यावर टपलेले असतात. तेल आणि साबणाचे मिश्रण फवारून त्यांचा बंदोबस्त केला तरी चार दिवसांत नवे येतातच, आणि तिथे निसटण्याची चपळाई कामाला येते. पंधरवड्यानंतर जाळे ओढले तेव्हा निम्म्यापेक्षा थोडी कमी पिल्ले हाती लागली. मातीच्या संगोपन तळ्यात तीस ते पन्नास टक्के जगणूक चांगली मानली जाते, त्या हिशेबाने मी समाधानी होते. पिल्ले एकसारख्या आकाराची होती, आणि वाकड्या कण्याचे पिल्लू शोधूनच सापडले.

आता तक्रार. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस शेजाऱ्यांची मागणी आली म्हणून मी त्याच केंद्रातून आणखी एक लाख जिरे आणले. भाव तोच, पिशव्या त्याच, बोलणेही तेवढेच गोड. त्या दिवशी वीज गेली होती, घाई होती, पातेले मागायचे राहून गेले. ती चूक माझी. शेतावर बादलीत पाहिले तेव्हा जिरे सुस्त वाटले. पंधरवड्यानंतर पाव हिस्साही हाती लागला नाही, आणि जी लागली त्यांत लहान-मोठी इतकी होती की जणू दोन वेगवेगळ्या तळ्यांतली असावीत. चौकशी केल्यावर कळले की, हे जिरे जुलैत एकदा अंडी दिलेल्या माद्यांकडूनच पुन्हा घेतलेले होते. मधल्या काळात हंगामाच्या धावपळीत त्यांना पेंड आणि कोंडाच मिळाला होता.

एका हंगामात त्याच मादीकडून दोनदा अंडी घेण्यात गैर काही नाही. मधल्या दीड-दोन महिन्यांत तिला भरपूर आणि योग्य आहार दिला, तर ती पुन्हा तयार होते आणि अनेक चांगली केंद्रे हे करतात. पण रिकाम्या झालेल्या अंडाशयात तेवढ्या थोड्या दिवसांत शिदोरी भरायची, तर तेव्हाच खाद्य सर्वांत सकस हवे. या केंद्रात नेमके तेव्हाच ते सर्वांत हलके होते. न्यायाने हेही सांगते की, ऑगस्टमध्ये आमच्याकडे पावसाने तळ्याचे पाणी गार झाले होते, ऊनही कमी होते आणि त्यामुळे सूक्ष्म जीवांची वाढ मंदावली होती. सगळा दोष माद्यांच्या ताटावर टाकणे बरोबर नाही. तरीही दुसऱ्या फळीचा माल पहिल्या फळीच्या भावाने, काही न सांगता विकला गेला, ही माझी तक्रार कायम आहे. मी ती तोंडावर सांगितली. पैसे परत मिळाले नाहीत; पुढच्या वर्षी एक पिशवी जास्त देतो, असे उत्तर मिळाले, आणि ती पिशवी मात्र बोलल्याप्रमाणे मिळाली.

दुसऱ्या वर्षी मी फक्त जुलैचा माल घेतला आणि तो पहिल्या जुलैसारखाच निघाला. भाव आसपासच्या इतर केंद्रांपेक्षा थोडा चढा आहे. ज्यांना बोटुकली थेट मोठ्या तळ्यात सोडायची आहे, त्यांना या चढ्या भावाचा तितका उपयोग नाही, कारण अशक्त पिल्ले आधीच गळालेली असतात. ज्यांना जिऱ्यापासून सुरुवात करायची आहे, त्यांनी प्रवासखर्च धरूनही इथे जावे, पण जुलैत जावे आणि जाण्याआधी एकदा उन्हाळ्यात चक्कर मारावी. कटल्याचे जिरे मात्र इथे नेहमीच कमी पडते. आगाऊ सांगूनही दोन्ही वर्षी रोहूच जास्त आले. बसायला सावली आहे, प्यायचे पाणी आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही चालते. पावती हाताने लिहिलेली मिळते.

त्या पावतीवर माल कोणत्या तळ्यातल्या माद्यांचा आणि हंगामातली कितवी फळी, एवढ्या दोनच गोष्टी लिहा, अशी विनंती मी यंदा पैसे देताना केली. छापील पावतीत तशी जागा नाही, असे मालकांनी सांगितले. मग त्यांनी पावती उलटी केली, पेन मागून घेतले आणि मागच्या बाजूला लिहिले : तळे तीन, पहिली फळी. पुढच्या हंगामासाठी याच तळ्याच्या मालाची आगाऊ नोंदणी करून मी निघाले.